रीळ आणि टोपण

बुद्धिबळ म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, असं मी लग्न झाल्यापासून म्हणत आले. ह्यांनी पट मांडला की मी मुद्दाम शिलाई मशीन खडखडा चालवायचे. आता त्याच पटाकडे जीव मुठीत धरून बघत होते.

अर्धांगवायूने ह्यांची उजवी बाजू गेली, वाचा गेली. डोळे उघडे असतात, पण माझ्याकडे बघतात की भिंतीकडे, कळत नाही. "त्यांना काही उमजतंय असं दिसत नाही," डॉक्टर म्हणाले होते. आज ते ह्यांना शेवटचं तपासायला येणार होते. मग थोरला मुलगा ह्यांना लांबच्या रुग्णाश्रमात नेणार. तिथली खाटसुद्धा धरून ठेवली होती त्याने, शहाण्याने!

"वहिनी, दादाला खेळाशिवाय दुसरं काय आवडायचं? तुम्ही शिका," नणंद म्हणाली, आणि तिनेच शिकवलं. हत्ती सरळ, उंट तिरका, घोडा अडीच घरं. प्यादं चालतं सरळ पण मारतं तिरकं. "हे काय बाई उफराटं!" मी वैतागायचे. पण खरं सांगते, चटक लागली. ह्या खेळात एक बरं असतं, आपण काही केलं की समोरच्याला उत्तर द्यावंच लागतं. मला तेवढंच हवं होतं.

आज दुपारी पलंगावरच पट मांडला. काळ्यांतला एक हत्ती आणि एक उंट ह्यांच्या लहानपणीच हरवलेत, त्यांच्या जागी दोऱ्याचं रीळ आणि बाटलीचं टोपण. नणंदेने सांगितलं होतं तसं हत्ती म्हणून टोपण कोपऱ्यात ठेवलं, घोड्यापलीकडे उंट म्हणून रीळ. काळी बाजू ह्यांच्याकडे केली आणि माझं पांढरं प्यादं पुढे सारलं.

"अहो, तुमची खेळी."

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला. मी पट ह्यांच्या आणखी जवळ सरकवला.

तेवढ्यात ह्यांचा डावा हात हलला आणि रीळ आडवं झालं. मी ते उभं केलं. ह्यांनी पुन्हा पाडलं.

"राहू द्या वहिनी, त्रास होतोय त्याला," नणंद म्हणाली.

"अहो, नीट खेळा की! काय पोरखेळ लावलाय?" मी खेकसले आणि जीभ चावली. आजारी माणसावर ओरडते मी, धन्य माझी!

हात पुन्हा आला. हळूहळू त्याने रीळ कोपऱ्यात ओढलं आणि टोपण रिळाच्या जागी सारलं. कपाळावर आठी पडली. ह्यांचा चष्मा मी भलतीकडे ठेवला की पडायची, तीच.

नणंद पटावर वाकली. "अगं बाई! रीळच हत्ती होता. मीच उलटं शिकवलं. मला कुठे खेळायला घ्यायचा तो?"

म्हणजे ही गोष्ट जगात फक्त ह्यांनाच ठाऊक होती. मला रडू फुटलं.

दारात डॉक्टर उभे होते, मागे थोरला. "जरा बाजूला होता का?" डॉक्टर म्हणाले.

"थांबा," मी डोळे पुसत म्हटलं. "ह्यांची खेळी आहे."