गटाराच्या काठावरचा ढीग

भोंगा बंद होऊन अकरा दिवस झाले होते आणि ओकाइलेला आपल्याच वस्तीत मुकं झाल्यासारखं वाटत होतं.

देवाच्या मक्याची पेरणी झाली की गा जमातीच्या लोकांच्या वस्तीत, देवांना शांतता मिळावी म्हणून, महिनाभर आवाज करायचा नाही. ढोल नाही, गाणी नाही, भोंगा तर अजिबातच नाही. एरवी ओकाइलेचा मामा, नी आर्मा, खांबावरच्या चार कर्ण्यांतून रोज पहाटे वस्तीला खबरी ऐकवायचा. जानेवारीपासून त्या वाचायचं काम ओकाइलेकडे आलं होतं. कोणाची बकरी हरवली, लस कधी टोचणार, नळाला पाणी कधी येणार नाही, आणि शेवटी न चुकता, ‘गटारात कचरा टाकू नका’. पंधराव्या वर्षी अख्ख्या वस्तीला झोपेतून उठवायचा अधिकार मिळाला की माणूस थोडा बिघडतोच. ती शाळेत निघाली की बायका म्हणायच्या, “ती बघ, कर्ण्यातली पोरगी चालली.”

आणि नेमका याच महिन्यात पाऊस येतो.

शनिवारी सगळ्यांनी मिळून गटार उपसलं होतं. दरवर्षी उपसतात. पुरुष गुडघाभर चिखलात उतरले, बायकांनी पाणी पाजलं, नगरपालिकेचा माणूस वही घेऊन सावलीत उभा राहिला. वर काढलेला गाळ दोन्ही काठांवर नीट रचून सगळे हात धुऊन घरी गेले. तो न्यायला सोमवारी ट्रक येणार होता. ट्रक दरवर्षी सोमवारी येणार असतो. मग पाऊस येतो, काठावरचा गाळ पुन्हा आत जातो आणि पुढच्या वर्षी तोच पुन्हा उपसतात. ओकाइलेच्या हिशेबाने त्यातल्या काही चपला आतापर्यंत चार वेळा वर आल्या होत्या.

गटार जिथे वळतं तिथे पाणी सगळ्यात आधी तुंबतं, आणि तिथेच आयोर्कोर मावशीची केंकीची शेड होती. मक्याचं आंबवलेलं पीठ, त्याचे मुठीएवढे गोळे, वरून कणसाची सालं गुंडाळायची आणि मोठ्या हंड्यात उकडायचे. सोबत तळलेला मासा आणि मिरचीचा ठेचा. अर्धी वस्ती तिथेच उभ्याने न्याहारी करायची. ओकाइले मावशीकडेच लहानाची मोठी झाली होती. गेल्या वर्षी पाणी शेडमध्ये शिरलं, पिठाची तिन्ही पिंपं उलटली, आणि मावशी पंधरा दिवस खुर्चीत नुसती बसून राहिली. यंदा तिने भांडी घासता घासता सांगून टाकलं होतं, “पुन्हा पाणी आलं तर शेड उभी करायची नाही. मी दूर कुमासी शहरात बहिणीकडे जाणार. तू मामाकडे राहा.”

बुधवारी समुद्रावर काळं भरून आलं. ट्रकचा पत्ता नव्हता. ओकाइले शाळेच्या गणवेशातच दारोदार निघाली. गाळ आपणच उचलायचा आणि जुन्या खाणीच्या खड्ड्यात टाकायचा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आदोले शिंपीण मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “मी एकटीने घमेलं उचललं तर उद्या सगळे म्हणतील, कचरा आदोलेचाच होता.”

एकोणीस घरं झाली. चार ठिकाणी पाणी मिळालं, एका ठिकाणी आंबा. माणूस एकही मिळाला नाही.

विसावा होता पंक्चरवाला टेटे.

“आमचं काम उपसायचं. उपसलं,” तो म्हणाला. “नेणं नगरपालिकेचं.”

“ट्रक आला नाही ना, टेटेदादा.”

“मग नगरपालिकेला ऐकव. तुझा आवाज मोठा आहे.”

“भोंगा बंद आहे.”

“मग तूही बंद हो की बाई. देवसुद्धा थोडे निवांत होतील.”

“पाणी काय फक्त मावशीकडे येणार आहे? तुझे टायर तरंगत जातील तेव्हा बोल.”

टेटेने हातातली टायर काढायची पट्टी उचलली, काठावरच्या ढिगात खुपसली आणि एक मोठा लगदा उलटा केला. “हे काय आहे?”

“गाळ.”

“नीट बघ.”

तिने नीट पाहिलं. काळी, लिबलिबीत, एकावर एक चिकटलेली सालं. कणसाची सालं. मधूनच एखादी बाटली, एखादी पिशवी, आणि पुन्हा सालं.

“मी टायर खात नाही आणि टायर गटारात टाकत नाही,” टेटे म्हणाला. “आता सांग, कोणी उचलायचं?”

सालं मावशीच्याच शेडची होती. गिऱ्हाईक केंकी सोलायचं आणि सालं खांद्यावरून मागे भिरकावायचं. उरलेली मावशी संध्याकाळी झाडून गटारात लोटायची. मावशीला वेळ नसला की ओकाइले लोटायची. पहाटे कर्ण्यातून ‘कचरा टाकू नका’ सांगायचं आणि संध्याकाळी झाडू घ्यायचा, यात तिला कधी काही वावगं वाटलंच नव्हतं. कचरा म्हणजे प्लास्टिक. सालं म्हणजे सालं. ती झाडावरून येतात.

घरी जाऊन तिने मावशीला सांगितलं. मावशी पीठ मळत होती.

“सालं कुजतात,” मावशी म्हणाली. “माझी आईसुद्धा तिथेच टाकायची.”

“कुजायला त्यांना वेळ कुठे मिळतो? आपण रोज वर नवीन टाकतो.”

“टेटेने शिकवलं वाटतं. त्याच्याकडे माझी किती भांडी पडलीत ते विचार त्याला.”

“मावशी, ढीग उलटून बघ.”

“मी माझी सालं ओळखते,” मावशी म्हणाली. पीठ गरजेपेक्षा जास्त मळलं गेलं.

गुरुवारी सकाळी गिऱ्हाइकं भांडी घेऊन आली तर हंड्याखाली जाळ नव्हता. मावशी डोक्यावर घमेलं घेऊन खड्ड्याच्या दिशेने चालली होती. मागून ओकाइले. दोघींच्या मानेवरून काळं पाणी ओघळत होतं.

टेटे आपला वाडगा धरून उभा होता. “मावशी, केंकी?”

“चूल पेटवायला हात रिकामे नाहीत.”

“मग कधी?”

“हा काठ मोकळा झाला की.”

टेटेने ढिगाकडे पाहिलं, वाडग्याकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं. मग वाडगा बाकावर उपडा ठेवला. “उपाशी माणसाशी असं वागतात का?” असं म्हणत त्याने घमेलं घेतलं. काही लोक पुढच्या वस्तीत पाव खायला निघून गेले. चौदा जण थांबले. एरवी अशा कामात कोणीतरी गाणं धरतं आणि पावलं त्यावर पडतात. आता गाता येत नव्हतं, त्यामुळे सगळे एकमेकांना धडकत होते आणि हळू आवाजात शिव्या देत होते.

दुपारी पाऊस कोसळला तेव्हा वळणापासून टेटेच्या दुकानापर्यंतचा काठ मोकळा झाला होता. त्याच्या वरच्या बाजूचा नव्हता. पाणी शेडच्या पहिल्या पायरीवर आलं, मग दुसऱ्या. तिसरीच्या खाली ते बराच वेळ थांबलं. मावशी पिंपांना पाठ टेकून उभी होती. संध्याकाळी पाणी उतरलं. वरचा गाळ मात्र वाहत येऊन आदोलेच्या दारासमोरच्या मोरीत अडकला. दुसऱ्या दिवशी ती स्वतःचं घमेलं घेऊन आली आणि कोणी काही म्हणायच्या आत म्हणाली, “मी आपली शेजारी म्हणून आलेय.”

ट्रक नऊ दिवसांनी आला. ढीग दिसेना म्हणून ड्रायव्हरने हॉर्न दाबला, तर टेटे हातात पट्टी घेऊन धावत गेला आणि त्याने त्याला गप्प केलं. आवाजाची बंदी अजून उठली नव्हती.

बंदी उठली त्या पहाटे ओकाइलेने मामाच्या कागदावरची सगळी खबर वाचली. एक काळी बकरी, एक लस, दोन दिवस पाणी नाही. मग कागद बाजूला ठेवला. मामा तिच्याकडे बघत राहिला.

“आयोर्कोर मावशीच्या शेडची सालं आजपासून गटारात जाणार नाहीत,” ती कर्ण्यातून म्हणाली. “आजवर जात होती. मीसुद्धा झाडून लोटायचे. शेडबाहेर एक पिंप ठेवलंय. सालं त्यात टाका. ज्यांना बकऱ्यांसाठी हवी असतील त्यांनी संध्याकाळी घेऊन जावीत.”

ती शेडवर पोचली तेव्हा हंडा उकळत होता आणि टेटे रांगेत पहिला उभा होता. कुमासीचं नाव त्या पावसानंतर घरात निघालं नव्हतं.

“माझं नाव घ्यायची गरज होती का?” मावशीने विचारलं.

“होती.”

“अख्ख्या वस्तीसमोर.”

“गटार अख्ख्या वस्तीचं आहे, मावशी.”

टेटेने केंकी सोलली, सवयीने हात खांद्यामागे नेला, आणि मावशीकडे पाहून तो तसाच हवेत थांबवला. मग तो दोन पावलं चालून पिंपापर्यंत गेला. मावशीने कोपऱ्यातला झाडू उचलून ओकाइलेच्या हातात दिला.

“शाळेला अजून वेळ आहे,” ती म्हणाली. “पिंपाबाहेर पडलीत ती उचल.”