हर्षल-बिर्षल

शनिवारी दुपारी मला जुळा भाऊ झाला. तो माझ्यापेक्षा दहा सेकंदांनी लहान आहे, कारण मोबाईलचा टायमर दहा सेकंदांचा होता.

खरं तर मी गंमत करत होतो. असले फोटो मी व्हिडिओ बघून बघून शिकलोय. मोबाईल हलू द्यायचा नाही. आधी खोलीच्या एका अर्ध्यात उभं राहून फोटो काढायचा, मग दुसऱ्या अर्ध्यात. दोन्ही अर्धे जोडले की एकाच खोलीत आपण दोघं.

मोबाईल मी आईच्या शिलाई मशीनवर ठेवला, मागं टेकू म्हणून रिळांचा डबा. पहिल्या फोटोत दाराच्या बाजूला उभा राहिलो आणि हात लांब करून हवेतच कुणाचा तरी कान पिळला. मग भांग उलटा पाडला, घड्याळ उजव्या हातात घातलं, स्वयंपाकघराच्या बाजूला गेलो. जिथं मघाशी हात होता तिथं बरोबर कान नेला आणि तोंड वाकडं केलं.

दोन्ही जोडले. मी परत दाराच्या बाजूला होतो आणि माझ्या बोटांत कान आला. गरम होता.

"सोड की दादा," तो म्हणाला.

सोडला.

माझा तीळ डाव्या गालावर आहे. त्याचा उजव्या. तीळ काही मी बदलला नव्हता.

बाबा कणकेच्या हातांनी बाहेर आले. एसटीच्या डेपोत त्यांनी आयुष्यभर टायरचं काम केलं, त्यामुळं कुठलीही गोष्ट ते आधी नुसती बघतात. त्यांनी मला बघितलं, त्याला बघितलं.

"दोघं जेवणार?"

"हो."

"मग कणीक वाढवतो." ते आत गेले आणि परत आले. "नाव काय ह्याचं?"

"आत्ताच झालाय, बाबा."

"तू हर्षल. मग हा बिर्षल."

बिर्षल खूश झाला. त्याला कशानंही बरं वाटायचं. चपला त्यानं उलट्या पायांत घातल्या होत्या आणि त्या त्याला बरोबर बसत होत्या.

फोटो जिथं जोडला होता तिथं खोलीत एक रेघ राहिली. छतापासून फरशीपर्यंत, केसाएवढी. मी स्वयंपाकघराकडं जायला पाऊल टाकलं की ते परत माझ्याच बाजूला पडायचं. बिर्षलचं दाराकडं जाताना तसंच. फक्त माझा हात कोपरापर्यंत पलीकडं जायचा, कारण फोटोत तेवढा गेला होता. बाबा मात्र दोन्हीकडं आरामात फिरत होते.

"तुम्ही फोटोत नव्हता ना," बिर्षल त्यांना म्हणाला. "फोटोत आलात की तुम्हालाही एकच बाजू."

"बरं," बाबा म्हणाले आणि कुकर बघायला गेले.

संध्याकाळी माझी हैदराबादची गाडी होती. पहिली नोकरी, सोमवारी हजर व्हायचं. आई गेल्यापासून बार्शीच्या ह्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच. ऑर्डर आल्यापासून बाबा 'जा' म्हणाले नव्हते आणि 'नको जाऊस' पण म्हणाले नव्हते. नुसते रोज शेंगाची चटणी कुटत होते. डबे संपले तेव्हा त्यांनी ती हॉर्लिक्सच्या जुन्या बाटलीत भरली.

मी बॅग भरायला घेतली. टॉवेल आत घातला तशी रेघ एक फरशी माझ्याकडं सरकली. शर्ट ठेवले, रेघ अजून एक फरशी सरकली. खुर्ची पलीकडं गेली, आईचा फोटो पलीकडं गेला. आता माझा हात मनगटापर्यंतच जात होता.

"कान पोचतो का बघ," बिर्षल म्हणाला आणि रेघेला डोकं लावून उभा राहिला.

जेमतेम, बोटांच्या टोकांनी पोचला. मी हळूच पिळला.

"आई गं," तो म्हणाला, पण दुखलं नसणार. मग मी चटणीची बाटली बॅगेत ठेवली आणि कान पोचायचा बंद झाला.

शेजारच्या ढगे काकू वाटीत दही घेऊन आल्या. गावाला निघालेल्याच्या हातावर दही ठेवायचं असतं, आणि आमच्याकडं ते लक्षात ठेवणारं आता कुणी नाही, म्हणून. त्या दारातच थांबल्या.

"अगं बाई, दोन?"

"आजच झाला, काकू."

"बरं झालं. बाबांना सोबत होईल." त्यांनी दोघांना निरखून बघितलं. "जाणार कुठला?"

बिर्षलनं माझ्याकडं बोट दाखवलं. बाबांनी कुणाकडंच दाखवलं नाही. काकूंनी माझ्या तळहातावर दही ठेवलं, पलीकडं बघून बिर्षलला म्हणाल्या, "तू वाटी चाट," आणि गेल्या.

"मोबाईल इथंच राहू दे," मी बाबांना म्हणालो. "मशीनवरून हलवला तर जोड सुटेल."

"सुटला तर?"

"हा जाईल."

बाबांनी बिर्षलकडं बघितलं. तो वाटी चाटत होता.

"आणि मोबाईल इथं राहिला तर मी तुझ्याशी बोलायचं कसं?"

"हा आहे ना. ह्याच्याशी बोला. मीच आहे तो."

"तू एवढं दही कुठं खातोस रे," बाबा म्हणाले.

मग त्यांनी ताट काढलं. माझा वाढदिवस परवा. परवा मी इथं नसणार, म्हणून औक्षण आजच करायचं असं त्यांनी ठरवलं होतं. तसा बघितला तर आजचा वाढदिवस बिर्षलचाच होता. निरांजन, कुंकू, सुपारी, आईची अंगठी. चार वर्षं बाबाच मला ओवाळतात, आणि ताट उलटं फिरवतात. त्यांचा दोष नाही. दर पाडव्याला आई त्यांना ओवाळायची. समोर पाटावर बसून त्यांना जसं दिसलं, तसंच ते करतात. मी कधी बोललो नाही.

आधी मला. कुंकू टेकवलं, ते थोडं नाकावर पडलं. ताट उलटं फिरलं.

मग बाबा रेघ ओलांडून बिर्षलसमोर गेले. हात तोच, फिरवायची तऱ्हा तीच. पण पलीकडं ताट सरळ फिरलं. आई फिरवायची तसं. शेवटी किंचित वर उचलून.

बाबांचा हात थांबला.

"हर्ष्या, बघितलंस?"

"बघितलं."

"जमलं की रे."

त्यांनी पुन्हा फिरवलं. पुन्हा. बिर्षल शहाण्यासारखा बसून राहिला. अक्षता त्याच्या केसांतून खाली पडत होत्या. मी ह्या बाजूला, एवढ्याशा जागेत बॅग पोटाशी धरून उभा होतो. आता माझ्याकडं फरशीची एकच ओळ होती आणि पाठीला दार. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. मला वाटलं, चला, जेवतील तरी वेळेवर.

"निघतो बाबा."

"थांब," ते म्हणाले. "फोटो काढू. तिघांचा."

"बाबा, फोटोत आलात की एक बाजू धरावी लागेल," बिर्षल म्हणाला.

"माहीत आहे."

"दाराकडं आलात तर माझ्याबरोबर निघावं लागेल," मी म्हणालो. "आणि तिकडं राहिलात तर..."

"माहीत आहे म्हणालो ना. टायर बदलले आयुष्यभर, अक्कल नाही बदलली. कुठलं बटण?"

"गोल, पांढरं. हलवू नका फक्त."

बाबांनी एका बोटानं बटण दाबलं, झोपलेल्या माणसाला उठवावं तसं. मोबाईलचा दिवा लुकलुकायला लागला. ते ताट हातात घेऊनच आले आणि रेघेवर उभे राहिले. एक पाय स्वयंपाकघराकडं, एक पाय दाराकडं. रेघ त्यांच्या टकलाच्या मधून, सदऱ्याच्या बटणांवरून, ताटातल्या ज्योतीमधून खाली जात होती. ज्योत कुठंच झुकत नव्हती.

"हसा," बिर्षल म्हणाला.

"तू आधी चपला नीट घाल," बाबा म्हणाले.

मी पलीकडं हात केला. बिर्षलनं अलीकडं कान केला. बोटं बाबांच्या पोटासमोर येऊन थांबली.

दिवा भराभर लुकलुकायला लागला. बाबांनी मोबाईलकडं बघत मान ताठ केली आणि एक पाय उचलला.

"स्वयंपाकघराकडचा उचलला," मी म्हणालो. "माझ्याकडं येतायत."

"दाराकडचा," बिर्षल हळूच म्हणाला.