रिकाम्या शाळेचा स्वयंपाक

"गिब्सबाई, आजही कुणी येणार नाही हो," व्हिटफील्डसर स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाले. मुख्याध्यापक असले तरी ते आत पाऊल टाकायचे नाहीत. आतलं राज्य ओझेला गिब्सचं.

"मग मी शिजवू कुणासाठी?"

"तरी शिजवा. तुमची चूल थंड झाली की शाळा-बोर्ड म्हणेल, ओसाड शाळा ठेवायची कशाला? लावा आजच कुलूप."

"म्हणजे भिंतींना जेवू घालायचं. बरं."

आमच्या शाळेत स्वयंपाकिणीलाही बाई म्हणायची रीत होती. गावातल्या दुकानात गोऱ्याचं शेंबडं पोरही तिला नुसतं 'ओझेला' म्हणून हाक मारी, त्यावरचा हा आमचा उतारा.

साल एकोणीसशे अडुसष्ट. अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतचं, दलदलीच्या कडेचं आमचं गाव. काळ्यांची पोरं गोऱ्यांच्या बरोबरीनं शिकावीत म्हणून ओझेलाचा नवरा एल्बर्ट दोनदा तुरुंगात जाऊन आला होता. आता वरून सरकारचा हुकूम आला, एकत्र शिकवा. गोऱ्यांच्या बोर्डानं ठरवलं, एकत्र म्हणजे गोऱ्यांच्या शाळेत. वर्षअखेर काळ्यांची ही आमची शाळा बंद, निम्मे शिक्षक घरी, आणि व्हिटफील्डसर तिकडे कुणाच्या तरी हाताखाली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. पोरं भडकली. आमची शाळा चालू ठेवा, गोऱ्यांच्या पोरांनाही इथं पाठवा, असं म्हणून त्यांनी शाळेवर बहिष्कार टाकला आणि चर्चच्या तळघरात स्वतःच वर्ग भरवले. सगळ्यांत पुढं ओझेलाची व्हर्लीन. तिचं शेवटचं वर्ष होतं. बारावी होणारी घराण्यातली पहिलीच मुलगी, आणि तीच वर्ष बुडवून बसलेली.

ओझेलाच्या डोक्याचा भुगा झाला होता. मागितलं ते मिळालं म्हणायचं की होतं तेही गेलं म्हणायचं? नवऱ्याला विचारलं तर तो खेकड्यांची जाळी सांधायला घेई.

रोजचं जेवण डुकरांच्या पिंपात जात होतं. त्या दिवशी तिला ते बघवेना. तिनं घेवड्याचं पातेलं दोन्ही कानांना धरून उचललं, झाकणावर मक्याचा पाव ठेवला आणि टेकवत टेकवत रस्त्यापलीकडच्या चर्चमध्ये नेलं.

वासानं पोरांच्या माना वळल्या. व्हर्लीन हातातला खडू ठेवून आडवी आली.

"आई, हे परत ने."

"अगं, गरम आहे. ती बारकी बघ कशी टक लावून बसलीय."

"बोर्डाचं अन्न आहे ते. आज खाल्लं, तर उद्या म्हणतील पोरं वळणावर आली."

"अन्न मी केलंय. बोर्डाला साधं पाणी उकळता येत नाही."

दोनतीन पोरं फिसकन हसली. व्हर्लीन हसली नाही.

"पण तू करतेसच का? आम्ही शाळा सोडलीय आणि तू तिथं चूल पेटवतेस. मला काय तोंड राहिलं इथं?"

सगळ्यांसमोर बोलली. ओझेलाच्या जिव्हारी लागलं.

"मी चूल विझवली तर कुलूप लागेल. मग कुठल्या शाळेसाठी भांडणार आहात? तू शाळेसाठी शाळेत जात नाहीस, मी शाळेसाठीच जाते. आता यातलं बरोबर कोण? तू शिकलेली आहेस, तूच सांग."

आपलेच दात, आपलेच ओठ. व्हर्लीननं परत न्यायला पातेल्याचा एक कान धरला. दुसरा आईनं.

शाळेच्या फाटकाशी व्हर्लीननं पातेलं खाली ठेवलं. शाळेचं काय ते ठरेपर्यंत आत पाय टाकायचा नाही, अशी सगळ्यांनी शपथ घेतली होती.

"इथून पुढं मी नाही, आई."

"माहितेय."

ओझेलानं एप्रनला कपाळ पुसलं. जावं की थांबावं तिला कळेना.

"एक सांग. उद्याचा घेवडा आज भिजवावा लागतो. किती जणांचा भिजवू?"

व्हर्लीन शाळेच्या रिकाम्या खिडक्यांकडे बघत राहिली.

"सगळ्यांचा," ती म्हणाली.

ओझेलानं पातेलं एकटीनं आत ओढत नेलं. हा शहाणपणा की वेडेपणा, तिला काही उमगत नव्हतं. तिनं पोत्याचं तोंड सोडलं आणि अख्ख्या शाळेला पुरेल एवढा घेवडा भिजत घातला.