बंद दाराचा निरोप

मित्रांनो, मी एक जुना कोळी आहे, पण म्हणून केरसुणी घेऊन माझ्यामागे लागू नका. मला पाय नाहीत, पोट नाही, आणि तुमच्या माळ्यावरची जळमटं तर मुळीच माझी नाहीत. मी एक प्रोग्रॅम आहे. रोह्यात अंबरीश सरांच्या टेबलाखाली जो काळा संगणक घरघरतो, त्यात माझं बिऱ्हाड आहे. मला एखाद्या वेबसाइटचा पत्ता द्यायचा, की मी तिच्या दारात जातो, पान वाचतो, हवं तेवढं टिपून घेतो. पानावर आणखी पत्ते दिसले तर तिकडेही जातो. असा धाग्यावरून धाग्यावर हिंडतो, म्हणून मला कोळी म्हणतात.

माझा जन्म पेणचा. तिथं हितेश नावाच्या सरांच्या मित्राचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. कुठल्या गावचे लोक कोणत्या रूपाची मूर्ती पसंत करतात, हे त्याला घरबसल्या हवं होतं. सरांनी दोन रविवार खर्चून मला लिहिलं. पहिल्याच दिवशी, गॅसवरचा चहा उतू जायच्या आत, मी चौदा हजार गणपती पाहून आलो. त्यातल्या एकानं मला डोळा मिचकावला. खोटं वाटत असेल तर वाटू द्या, तेव्हा तिथं माझ्याखेरीज साक्षीला कोणी नव्हतं.

पण कौतुक नव्याचंच असतं. हितेशचं काम झालं आणि मी तीन वर्षं एका कोपऱ्यात पडून राहिलो. पुढे सरांनी मला रोह्याला आणलं आणि कॉलेजच्या मुलांना शिकवायला माझा उपयोग करू लागले. मुलांचे प्रश्न दरवर्षी तेच. "सर, हा इतका हळू का जातो?" सर सांगत, "प्रत्येक वेबसाइटच्या दारावर पाटी असते. कुठं यायचं, कुठं नाही, किती वेळानं यायचं. ती पाळायची. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा हात धरून ओढायचा नसतो." दुसरा प्रश्न, "एकदा पाहिलेल्या पानावर परत का जात नाही?" सर म्हणत, "त्याचा तसाच स्वभाव आहे. पुन्हा जायला हवं असेल तर तसं बजावून सांगावं लागतं." मी कोपऱ्यात बसून मान डोलवायचो. मान नाही, हे खरं. पण डोलवायचो.

एक प्रश्न मात्र इतक्या वर्षांत कोणी विचारला नाही. तो का विचारायला हवा होता, ते आता सांगतो. आणि इथून पुढे थाप नाही. आधी मारल्या तेवढ्या पुरे.

नागोठण्याजवळ अंबा नदीच्या काठी वीस-बावीस घरांची एक वाडी आहे. सरांच्या वडिलांच्या शेतात लावणीला येणाऱ्या बाया तिथल्याच. त्यांच्यात गिरजाबाई सगळ्यांत जुनी. वाडीच्या खाली, पाण्याच्या कडेला, शेंदूर लावलेला एक काळा धोंडा आहे. पावसाळ्यात धोंड्याजवळ पाळीनं कोणीतरी बसायचं, हा तिथला रिवाज. आज या घरचं माणूस, उद्या त्या घरचं. पाणी धोंड्याच्या गळ्याशी आलं, की वर येऊन आंब्याला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा बडवायचा. मग सगळ्यांनी पोरं, शेरडं, तांदळाचं पिंप घेऊन टेकाडावर जायचं. पाळी चुकवली म्हणून गिरजाबाईनं सख्ख्या भावाशी एक वर्ष बोलणं टाकलं होतं.

यंदा मे महिन्यात सर वाडीवर गेले. म्हणाले, "नदीची पातळी आता वेबसाइटवर येते. माझा प्रोग्रॅम दर दहा मिनिटांनी बघेल. धोक्याची खूण ओलांडली, की स्वप्नालीच्या फोनवर निरोप येईल. आता कुणी पावसात बसायचं कारण नाही." स्वप्नाली ही गिरजाबाईची सून. वाडीवर वाचता येणाऱ्या दोन-तीन जणींपैकी एक. तिला आनंद झाला. रोजंदारी बुडवून पाळीला बसणाऱ्या सगळ्यांनाच झाला. एकटी गिरजाबाई म्हणाली, "आनि निरोप नाय आला तर?"

"तर समजायचं, सगळं ठीक आहे," सर म्हणाले.

हे वाक्य मला आजही टोचतं, मित्रांनो.

जुलैत एकदा पाणी चढलं. मी वेळेवर निरोप दिला, वाडी वर गेली. दुसऱ्या दिवशी माझ्या नावानं टाकळ्याच्या रानभाजीची मोठी जुडी आली. ती सरांच्या घरी खाल्ली गेली. माझ्या वाट्याला वाससुद्धा आला नाही, पण मी फुगलो. त्या दिवसापासून वाडीनं पाळी सोडली. रुळाच्या तुकड्याशेजारी ओली लुगडी वाळत पडू लागली.

मग ऑगस्टचा तो दिवस आला. सकाळपासून डोंगराकडे धुवांधार कोसळत होतं. सरांना पुरवणी परीक्षेचे पेपर तपासायला पेणला जायचं होतं आणि तिथं फोन बाहेर ठेवावा लागतो. त्यांचा जीव वाडीत अडकला. निघण्याआधी ते संगणकाशी बसले आणि मला म्हणाले, "आज दहा मिनिटांनी नको रे बाबा. दर सेकंदाला बघ." दारावरच्या पाटीकडे बघायचं नाही, हेही त्यांनीच लिहून दिलं. मुलांना दरवर्षी पाटी पाळायला शिकवणारा माणूस! काळजी शहाण्याला आंधळं करते, ती अशी.

मी धावत सुटलो. दार ठोठावलं, उत्तर आलं, परत ठोठावलं. वीस मिनिटांत हजारभर वेळा. त्या वेबसाइटवर त्याच दिवशी सगळा तालुका डोळे लावून बसलेला. तिच्या राखणदारानं मला ओळखलं आणि दार माझ्या तोंडावर लावलं. मी पुन्हा गेलो, पुन्हा बंद. आणि बंद दाराचं मी काय करतो, मित्रांनो? काहीच नाही. मला लिहिताना सांगितलं होतं, की पान मिळालं तर वाच, नाही मिळालं तर सोडून दे. मी सोडून देत राहिलो. दर सेकंदाला, इमानानं. आत एका वहीत टिपून ठेवत होतो, पण ती वही सरांखेरीज कोणी वाचत नाही, आणि सर पेणला.

वाडीवर स्वप्नालीचा फोन गप्प होता. गप्प म्हणजे ठीक.

दुपारी दोनच्या सुमाराला गिरजाबाईच्या चुलीपाशी मुठे आले. मुठे म्हणजे शेताच्या बांधातले लहान खेकडे. आधी दोन, मग नऊ-दहा, सगळे टेकाडाच्या दिशेनं चाललेले.

"गो स्वप्नाली, मुठं बिळं सोडून वर निघालं. फोन बघ."

"बघितला आये. काय नाय आलेलं."

"परत बघ."

"आवो, मशीन हाय ते. तुमच्यासारखा डुलका नाय काढीत."

"माझा डुलका तुजा नवरा रांगत होता तवा शेवटचा पडला," असं म्हणत म्हातारी डोक्यावर इरलं घेऊन खाली गेली. धोंडा दिसेना. धोंड्याच्या वर बाभूळ होती, तिचाही अर्धा बुंधा बुडालेला. पासष्ट वर्षांची ती बाई चिखलातून वर कशी धावली, ते तिचं तिलाच ठाऊक. लुगडी भिरकावून तिनं रूळ बडवायला घेतला.

पुरुषमाणसं कामावर, घरात बाया आणि पोरं. स्वप्नालीनं अंगणवाडीतली अकरा पोरं काढली, एक पाठीवर, दोन कडेवर, बाकीची एका दोरीला धरून. शेवटचं पोर टेकाडावर चढलं आणि खालच्या चार झोपड्या उभ्याच्या उभ्या वाहून गेल्या. माणूस एकही गेलं नाही. पण सहा शेरडं गेली. ती दाव्याला बांधलेली होती. गिरजाबाईचीही दोन त्यात. दोन्ही शेळ्यांना नावं होती.

तीन दिवसांनी त्या सासू-सुना सरांच्या दारात उभ्या राहिल्या. सर त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. त्यांनी माझी वही वाचली होती. मीही घरघर कमी केली.

गिरजाबाई टेबलापाशी वाकली. "हाच काय तुमचा कोळी?"

"हो."

"ह्येला धा दा इचारलं तर ह्यो सांगतो?"

"सांगतो."

"आनि समोरच्यानं दार लावून घेतलं तर ह्यो काय करतो?"

तोच प्रश्न, मित्रांनो. इतकी वर्षं, इतकी हुशार मुलं, पण तो अंगठा उठवणाऱ्या बाईनं विचारला.

"काही नाही करत," सर म्हणाले. "गप्प बसतो. चूक त्याची नाही, गिरजाबाई. ती माझी. दुसऱ्याच्या दारात धसमुसळेपणा मीच करायला लावला आणि दार लागलं तर काय, हे मी त्याला कधी सांगितलंच नाही."

"येड्या पोरावानी हाय मंग," गिरजाबाई म्हणाली. "आय घरात नाय म्हनून दारातच बसून ऱ्हायचं, शेजारनीला हाक मारायची नाय."

स्वप्नाली इतका वेळ भिंतीशी उभी होती. हळूच म्हणाली, "सर, मी बी फोनकडंच बघत बसले. नदी हाकेवर हाय आमच्या."

मग सर खुर्चीवर बसले आणि मला उघडलं. दर सेकंदाचं काढून पुन्हा दहा मिनिटं केली. दारावरची पाटी पाळायची, हे परत लिहिलं. आणि एक नवी ओळ घातली, की दार बंद मिळालं तर त्याच क्षणी वाडीवर निरोप जायचा. बोटं थांबवून ते म्हणाले, "निरोपात काय लिहू?"

गिरजाबाईनं पडद्याकडे बोट केलं. "लिवा, मला दिसत नाय, गिरजे, तू बघ."

सरांनी अक्षर न् अक्षर तसंच लिहिलं.

वाडीवर पाळी पुन्हा सुरू झाली आहे. मी आहे म्हणून नव्हे, मी असूनही. मित्रांनो, मी सांगतो म्हणून नव्हे, सहा शेरडं परत येत नाहीत म्हणून ऐका. कोणाच्याही दारात जाल तर दमानं जा. ज्याच्यावर भरवसा टाकाल, तो आंधळा झाला तर काय सांगेल, हे पहिल्याच दिवशी विचारा. आणि जो गप्प आहे, त्याचं ठीक चाललंय असं धरून चालू नका. मग तो प्रोग्रॅम असो, नाही तर माणूस.

परवा वेबसाइट अर्धा तास बंद पडली. मी लगेच निरोप धाडला, "मला दिसत नाय, गिरजे, तू बघ." पाऊस होता, आणि मला पहिल्यांदाच कळलं, की वाट बघणं कशाला म्हणतात. चार मिनिटांनी स्वप्नालीचं उत्तर आलं.

"धोंडा उघडा हाय. आये बसलीय."