पुरलेली गाठ

धर्मापुरीच्या शिवकांताबाई नवऱ्यामागं किराणा दुकान एकटीनं चालवत. त्यात भावकीतलं कुणी कधी फिरकलं नाही, पण बाईच्या अंगातल्या गाठीवर मात्र सगळ्यांचा हक्क! दोन हजार चार साली छातीतली गाठ दुसऱ्यांदा वर आली, तर धाकटा दीर शंकरप्पा आधी शेतात जाऊन बांधाशी खड्डा खणून आला. लिंगायताचा देह मांडी घालून बसवलेला, सगळाच्या सगळा मातीला जायचा, कापलेला तुकडासुद्धा, असा त्याचा हट्ट. पहिली गाठ त्यानं विभूती लावून पुरलीच होती.

शिवकांताबाईंच्या बहिणीची लेक प्रणिता पुण्याच्या कॅन्सरवरच्या प्रयोगशाळेत होती. ती बर्फाचा डबा घेऊन आंबाजोगाईच्या दवाखान्यात आली.

"मावशी, रानातलं कुंदा गवत वरून कापलं तर काय होतं?"

"फुटतं की मेलं! मूळ राहतंय ना खाली."

"गाठीतबी तसंच. मुळाच्या पेशी थोड्याच असतात. औषधानं बाकीच्या मरतात, या उरतात. त्याच वेगळ्या काढायच्यात. त्याला गाठ ताजी, जिती पायजे. पण खरं सांगते, तुला याचा उपयोग व्हायचा न्हाई."

"तुला हुईल का?"

प्रणिताची आई याच दुखण्यानं गेली होती. पोरगी डब्यातला बर्फ सारखा करू लागली.

ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी शंकरप्पा गाठ न्यायला पितळी कळशी घेऊन आडवा. "वैनी, अर्धीच बाई मातीत जाणार का? लोक तोंडावर थुंकतील!"

शिवकांताबाईंचं डोकंच फिरलं. गळ्यातलं इष्टलिंग ऑपरेशनपुरतं दंडाला बांधलेलं, तशा त्या स्ट्रेचरवर उठून बसल्या. "भावजी, मागची तुमीच पुरली ना? मंत्र म्हणून पुरली. काय झालं? उगवली! आता पेरायची न्हाई, आता मूळ हुडकायचं. गाठ माझ्या अंगातली हाय, भावकीच्या सातबाऱ्यावरची न्हाई! डॉक्टर, पोरीच्या डब्यात टाका."

डॉक्टरांनी तपासणीपुरता तुकडा ठेवून बाकीची गाठ डब्यात घातली. जीप पुण्याला गेली आणि शंकरप्पा रिकामी कळशी घेऊन घरी.

टाके सुकल्यावर शिवकांताबाई शेतात गेल्या. खड्डा तसाच उघडा होता.

"ह्याचं काय करू आता?" शंकरप्पा फुरंगटून म्हणाला.

"राहू द्या की. मला कधीतरी मांडी घालून बसायचंच हाय त्यात." त्यांनी वाकून आत बघितलं. "पर लई बारका खणलाय. रुंद करा. आन् भावजी, सावकाश खणा. मला घाई न्हाई."