चव्वेचाळीस किलोचे शॉकअप

“हरिदासभाऊ, टेलर मापाचे कपडे शिवते, तशी गाडी माह्या मापाची करून देता का जी?”

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नव्हता. गॅरेजसमोरच्या बाकावर बसलेल्या सगळ्या माणसांच्या देखत मी हे विचारूच शकत नाही, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी, मंजुषा आणि रिनानं लावली होती. मी विचारलं. बाकावरचे एक काका म्हणाले, “पोरीले गाडीवर चढाले शिडी लागते वाट्टे.”

“चढता येते, काका. उतरताना जमीन दूर पडते.”

सगळे हसले, पण या वेळी माझ्या बाजूनं. मी जिंकले होते. आता त्या बाकासमोरून जायचं मी टाळते.

नोव्हेंबरात मला अठरा पूर्ण झाली, बारावीतच लर्निंग लायसन हातात आलं आणि तेव्हापासून मला कशाचीच भीती वाटत नव्हती. अडचण एकच. बाबांच्या दीडशे सीसीच्या गाडीवर बसलं की माझे नुसते अंगठे टेकायचे. गर्दीत थांबायचं म्हटलं की गाडी एका बाजूला कलायची आणि तिच्यासोबत मीही.

हरिदासभाऊंनी उकिडवं बसून मागचे शॉकअप दाखवले. स्प्रिंगच्या खाली एक कडं असतं, त्याला पाच खाचा. जितकी वरची खाच, तितकी स्प्रिंग कडक. आमच्या गोंडपिपरीकडे सगळ्यांचं कडं शेवटच्या खाचेवर असतं, कारण गाडीवर माणसासोबत कट्टाही बसतो. कट्टा म्हणजे पन्नास किलोचं पोतं.

“वजन किती तुह्यं?”

“चव्वेचाळीस.”

“मांगं कोण बसते?”

इथं मी खोटं बोलले. बाक ऐकत होता ना. “कोणीच नाई. गाडी आता माहीच हाय.”

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आहेत. प्रशिक्षणासाठी ते तीन दिवस चंद्रपूरला गेले होते, एसटीनं. तेवढ्यात हरिदासभाऊंनी एका लहान गाडीचे आखूड, नरम शॉकअप मागे बसवले, कडं दुसऱ्या खाचेवर ठेवलं आणि पुढच्या चाकाचे पाइप पकडीतून दोन बोटं वर सरकवले. गाडी खाली आली. मी बसले, तर दोन्ही टाचा जमिनीवर. आधी प्रत्येक खड्ड्याला मी कढईतल्या लाहीसारखी उडायची. आता खड्डा कधी आला न् गेला, तेही कळत नव्हतं. घरी आल्यावर मी नव्या शॉकअपना चिखल फासला. रविवारी ते आत्याकडे निघायच्या आधी बाबांसमोर टाचा टेकवून दाखवायच्या आणि मगच सांगायचं, असं ठरवलं होतं.

शनिवारी चार वाजता ट्यूशनहून आले, तर घराला कुलूप. शेजारच्या कलाबाईंनी किल्ली दिली.

“आईबाबा गेले तुह्ये आत्याकडं. नवे तांदूळ घेऊन.”

“ते तं उद्या जाणार होते.”

“उद्या बाबाले शाळेत मिटिंग हाय म्हने. अर्धा घंटा झाला. बाबा म्हने, गाडी बसल्यासारखी लागून राह्यली, रस्त्यात हवा भरून घेतो.”

किल्ली माझ्या हातातच राहिली. दरवर्षी नव्या तांदळाचा पहिला कट्टा आत्याच्या घरी जातो. बाबा ब्याऐंशी किलो, आई साठ, कट्टा पन्नास. बाबांचा फोन लावला. लागेना. आत्याच्या गावाआधी सात किलोमीटर जंगल आहे, तिथं रेंज नसते. म्हणजे ते जंगलात शिरले होते. गेल्याच महिन्यात त्या पट्ट्यात वाघानं एका गुराख्याला नेलं होतं. तेव्हापासून तिथं कोणी लघवीलाही गाडी थांबवत नाही.

मी हरिदासभाऊंना फोन केला. ते सामान आणायला राजुऱ्याला गेले होते.

“भाऊ, त्या शॉकअपवर एकशे ब्याण्णव किलो बसलं तं काय होते?”

मागून ट्रकचा आवाज येत होता.

“कोण बसलं?”

मी सांगितलं.

“अवं, मी इचारलं होतं ना तुले. मांगं कोण बसते, असं नाई इचारलं?”

“इचारलं होतं.”

“सपाट रस्त्यानं जमते. खड्ड्यात शॉकअप पुरा दबन अन् टायर मडगार्डाले घासन. घासू घासू फुटन. नाईतं वळणावर… त्याइले थांबव बाप्पा.”

मी पळत मंजुषाकडे गेले. तिनं स्कूटी बाहेर काढली आणि मागे बसायला निघाली.

“तू नको येऊ. येताना आईबाबा अन् तू, तिघं कुठी बसवू?”

ती रडायला लागली. “म्याच तुले इचाराले लावलं.”

“खोटं मी बोलली,” मी म्हटलं आणि निघाले.

जंगलाच्या तोंडाशी वनखात्याची पाटी आहे: वाहन थांबवू नये. ऊन सागाच्या शेंड्यांवर गेलं होतं आणि खाली रस्त्यावर सावली होती. प्रत्येक वळणाआधी मी मनात म्हणायची, पुढे रस्ता मोकळा असू दे. आणि वळण मोकळं दिसलं की आणखीच घाबरायची, कारण मग ते कुठे होते? एका मोठ्या खड्ड्याजवळ जळक्या रबराचा वास आला. त्याच्या पुढे डांबरावर पांढरं काहीतरी सांडलं होतं. मी स्कूटी हळू केली. तांदूळ होते. थोडे खड्ड्यापाशी, मग रस्त्याच्या कडेनं बारीक धार.

डावीकडे झाडावर वानरं खकरायला लागली. वाघ-बिबट दिसल्याशिवाय वानर असं खकरत नाही, हे आमच्याकडे लहान लेकरालाही माहीत असतं. मी ॲक्सिलरेटर पिळला. मागे पाहायचं नाही, असं ठरवून मी तीनदा मागे पाहिलं.

तेवढ्यात टण् टण् आवाज ऐकू आला. जनावर जवळ येऊ नये म्हणून आई रस्त्याच्या मधोमध उभी राहून दगडानं स्टीलचा डबा वाजवत होती. गाडी सागाला टेकलेली, फाटलेला कट्टा तिच्या बाजूला. बाबांची पँट गुडघ्यावर फाटली होती आणि ते वाकून चाकाकडे पाहत होते.

“तू काऊन आली?” आईनं डबा वाजवणं थांबवलं नाही. “एकटी? ह्या टायमाले?”

“लागलं का, बाबा?”

“खरचटलं. दुचाकीच हाय, पडतेच.” ते अजून चाकच बघत होते. “हवा तं भरली. तरी मांगचा टायर घासूनच राह्यला. दोन गाड्या आल्या, हात केला, कोणी थांबलं नाई.”

“हवेचं नाई, बाबा. मी शॉकअप बदलवले.”

डबा थांबला. वानरं मात्र थांबली नव्हती.

“कवा?” आईनं विचारलं.

“मंगळवारी. पाय टेकाले. हरिदासभाऊनं इचारलं मांगं कोण बसते, तं मी कोणीच नाई म्हटलं.”

आईनं बाबांच्या गुडघ्याकडे पाहिलं. बाबांनी शॉकअपवरचा चिखल बोटानं पुसला. खालून नवा काळा रंग दिसला. मला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“आता आईले घे अन् स्कूटीनं पुढं हो,” ते म्हणाले. “मी गाडी आणतो.”

ते बसले. खड्ड्यात शॉकअप पुरते बसले होते; चाक वर गेलं आणि मडगार्डाला टेकलं. दहा पावलांवर करकर आवाज झाला आणि रबराचा वास आला. ते उतरले. मी न विचारता चढले. चाक आणि मडगार्ड यांच्यात तीन बोटांची फट उरली. टायरवर मधोमध चर पडला होता आणि त्यात आतले धागे दिसत होते.

“नाई,” आई म्हणाली. “गाडी पडू दे इथीच. तिघं जाऊ स्कूटीवर.”

“आत्याचं गाव दोन किलोमीटर हाय,” बाबा स्वतःशीच बोलल्यासारखे बोलले. “तिघं अन् ती बारकी स्कूटी. ह्या खड्ड्याइत.”

माझ्या दोन्ही टाचा जमिनीवर होत्या. किल्ली मी फिरवली.

“बाबा, तुमी आईले घेऊन स्कूटीवर बसा. कट्टा पायाजवळ ठेवा. गाडी मी नेईन, आत्याच्या दारापर्यंत, पंधराच्या वर नाई. तुमी मांगून या अन् माह्या टायरकडं पाहत राहा, धागा सुटताना दिसला की हॉर्न मारा. फुटलाच तं गाडी टाकून देईन अन् तुमच्या मांगं तिसरी बसीन. पण आईबाबाले मी इथी उभं ठेवनार नाई.”