डोकेदुखीच्या पाच जाती

गजराबाईला डोकेदुखीच्या पाच जाती ठाऊक होत्या. उन्हाची दुपारी ठणकते, तिला कांद्याचा रस. पडशाची कपाळात बसते, तिला सुंठेचा लेप. पित्ताची ओकलं की उतरते. अर्धशिशी सूर्याबरोबर चढते, तिला कानशिलावर तापल्या विळ्याचा डाग. आणि पाचवी सुनांची, ती जातं दिसलं की सुरू होते. निजाम गेला, लोहाऱ्यापर्यंत यष्टी आली, पण गजराबाईचा विळा काही थंड पडला नाही. गाव तिला किती मानतं हे गावातल्या बायकांची कानशिलं बघूनच कळायचं.

तिची सून अयोध्या, तिचं डोकं मात्र पहाटे दुखायचं. उठून बसली की भडाभडा उलटी व्हायची. पहाटेची उलटी म्हटल्यावर सासू हरखली. गल्लीत गूळ वाटला, सुनेला जात्यावरून उठवलं. मग महिना भरला आणि अयोध्या नेहमीसारखी बाजूला बसली.

"नखरे करून गूळ खाती व्हय?" गजराबाई म्हणाली. "गल्लीत तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाय."

अयोध्याचा नवरा गोरोबा कचेरीत शिपाई होता. तो चाचरत म्हणाला, "आई, उमरग्याच्या डाक्टराला दाखवू का?"

"म्या जित्ती असताना? तुझ्या बापाचं डोकं म्याच बरं केलं."

बाप त्याच दुखण्यात गेला होता, पण हे बोलायची गोरोबाची छाती नव्हती. डाग देताना बायकोचे हात त्यानंच धरले.

जखम चिघळली. डोकं दुखायचं ते दुखतच राहिलं, वर एकाचे दोन दिसायला लागले. सासूनं विचारलं, "थांबलं का? का दुसऱ्या बाजूला बी देऊ?"

"थांबलं," अयोध्या म्हणाली. तेव्हापासून ती पहाटे गोठ्यामागं जाऊन ओकायची आणि तोंड धुऊन जात्यावर बसायची. विळा पुन्हा आपल्यासाठी तापू नये, एवढंच तिला हवं होतं.

एक दिवस शेजारची हसीनाबी लेकीला घेऊन आली. खैरून शाळेत जायची. फळ्याकडं बघितलं की तिचं डोकं दुखायचं, अक्षरं पुसट व्हायची.

"अर्धशिशीच," म्हणत गजराबाईनं विळा चुलीत सारला. पोर रडायला लागली.

हसीनाबी अयोध्याकडं वळली. "खुदाची कसम हाय तुला, खरं सांग. गुण आला का? न्हायतर म्या हिला सोलापूरला नेते. तिथं चष्मा देणारा डाक्टर हाय."

अयोध्याला दोन हसीनाबी दिसत होत्या, दोन पोरी दिसत होत्या. पोरीची तिला मनापासून कीव आली. न्हाय म्हटलं तर पोर सुटेल, पण तापलेला विळा वाया जाणार नाही, हेही तिला कळत होतं. सासू तिच्याचकडं बघत होती.

"आला," अयोध्या म्हणाली. "लई गुण आला."

"मग धर तिला," गजराबाई म्हणाली.

समोर दिसणाऱ्या चार हातांतले खरे दोन अयोध्यानं चाचपून शोधले आणि घट्ट धरले.